खाज कातडीवर, कारण यकृतात!

अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, तरी तळहात आणि तळपाय रात्र-रात्र खाजतात. साबण बदलून झाले, मलमे लावून झाली, पण आराम नाही. अशा वेळी दोष कातडीचा नसून यकृताचा असू शकतो.

मे महिन्यातले चेन्नई. चार तारखेच्या सुमारास तिथे 'अग्निनक्षत्रम' सुरू होते आणि पुढचे तीन-साडेतीन आठवडे शहर अक्षरशः भाजून निघते. समुद्र अगदी लगत असल्यामुळे हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही. मानेवर, पाठीवर, कमरेशी घामोळे उठते. घरोघरी कडुनिंबाचा पाला पाण्यात उकळला जातो, चंदन उगाळले जाते, घामोळ्याच्या पावडरीचे डबे भराभर रिकामे होतात. आपल्याकडे मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत तरी उन्हाळ्यात याहून वेगळे काय घडते?

अशा शहरात एखादी गृहिणी म्हणाली, की 'हल्ली रात्री तळहात-तळपाय फार खाजतात', तर ऐकणारा काय म्हणणार? 'उकाडा किती आहे, चालायचेच!' मग कपड्यांचा साबण बदलला जातो. 'अंगात उष्णता झाली' म्हणून ताक, सब्जा सुरू होतो. शेजारीण गजकर्णाचे मलम सुचवते. उन्हाळा सरतो, पाऊस येऊन जातो, खाज मात्र तशीच राहते. कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले जाते आणि डॉक्टर विचारतात, "तुम्हाला अंगाला खाज सुटते का हो?" तोवर बहुमोल महिने हातचे गेलेले असतात.

घामोळ्याची खाज घामोळ्याबरोबर जाते. यकृताची खाज ऋतू पाहत नाही. हा फरक वेळेवर ओळखता आला, तर एखाद्या बाईचे यकृत वाचू शकते, एखाद्या गर्भवतीचे बाळ वाचू शकते. म्हणून ही खाज नीट समजून घेतली पाहिजे.

नाव पित्ताचे, काम दुसऱ्याचे

मराठी घरांत 'अंगावर पित्त उठले' असे आपण सर्रास म्हणतो. लाल गांधी उठतात, भयंकर कंड सुटते, आई आमसुलाचे पाणी अंगाला चोळते आणि तासा-दोन तासांत गांधी बसतात. गंमत अशी, की या 'पित्ता'चा यकृतातल्या पित्ताशी काहीही संबंध नसतो. कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात आणि त्यामुळे गांधी उठतात. अॅलर्जीच्या गोळ्या या हिस्टामिनला अडवतात, म्हणून त्या लगेच लागू पडतात.

खरोखरच्या पित्तामुळे सुटणारी खाज याच्या अगदी उलट असते. तिच्यात गांधी नाहीत, पुरळ नाही, लाली नाही. कातडीवर दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे, आणि तेही खाजवल्यानंतरचे. खाज बहुधा तळहात आणि तळपायांपासून सुरू होते आणि मग अंगभर पसरते. संध्याकाळनंतर ती वाढते आणि रात्री तर कळस गाठते. उबदार पांघरूण, लोकरीचे कपडे, गरम पाणी यांनी ती चेवते. डास चावला तर खाजवल्यावर बरे वाटते. इथे कितीही खाजवले तरी समाधान होत नाही. कातडीच्या आत, जिथे नख पोहोचत नाही तिथे काहीतरी सळसळते आहे, असे रुग्ण सांगतात.

अनुभवी डॉक्टर अशा रुग्णाची पाठ पाहतात. सगळी पाठ ओरखड्यांनी काळवंडलेली असते. पण मधोमध, जिथे आपलाच हात पोहोचत नाही तिथे, फुलपाखराच्या आकाराचा भाग स्वच्छ राहिलेला दिसतो. काही रुग्णांची नखे सतत घासली गेल्यामुळे पॉलिश केल्यासारखी चकाकतात.

रात्री वाढणारी खाज म्हटली की घरच्यांच्या मनात खरजेची शंका येते. रुग्णाचा टॉवेल वेगळा होतो, अंथरूण वेगळे होते. खरूज संसर्गजन्य आहे हे खरे. पण तिच्यात बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड दिसतात आणि घरातल्या आणखी एक-दोघांनाही खाज सुटलेली असते. यकृताची खाज कुणाला लागत नाही. अशा माणसाला घरात वाळीत टाकल्यासारखे वागवणे म्हणजे दुखण्यावर डागणी देण्यासारखेच आहे.

पित्ताची वाट अडते तेव्हा

यकृत हा शरीराच्या आतला सर्वांत मोठा अवयव. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो असते. दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त ते तयार करते. हे पित्त बारीक बारीक नलिकांतून वाहत मोठ्या पित्तनलिकेत येते, काही काळ पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर लहान आतड्यात उतरते. त्यातली पित्ताम्ले तूप-तेल पचवण्याचे काम करतात. साबण जसा ताटाचा तेलकटपणा फोडतो, तसेच हे.

निसर्गाची काटकसर पाहण्यासारखी आहे. काम संपल्यावर पित्ताम्ले वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी त्यांतली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात आणि रक्तातून यकृताकडे परततात. दिवसातून अनेकदा ही फेरी चालू असते.

आता या वाटेत कुठेतरी अडथळा आला असे समजा. तो अडथळा मोठ्या नलिकेतल्या खड्याचा असेल, गाठीचा असेल किंवा यकृताच्या आतल्या सूक्ष्म नलिकांच्या सुजेचा असेल. पित्त पुढे सरकत नाही, यकृतात तुंबते आणि त्यातले घटक रक्तात मिसळू लागतात. गटार तुंबले की पाणी अंगणात येते, तशी ही गत. वैद्यकशास्त्रात याला 'कोलेस्टेसिस' म्हणजे पित्तप्रवाह खुंटणे असे म्हणतात. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिकट होतो, डोळे पिवळे दिसू लागतात आणि खाज सुटते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डोळे पिवळे होण्याच्या कितीतरी आधी, काही वेळा महिनोन्‌महिने आधी, खाज सुरू होऊ शकते. 'कावीळ नाही, मग यकृत ठीक आहे' हा हिशेब म्हणूनच चुकतो.

यकृताच्या सगळ्याच आजारांत खाज सुटत नाही. दारूमुळे खराब झालेल्या किंवा चरबी साठलेल्या यकृतात ती तुलनेने कमी आढळते. पित्तनलिकांचे जे आजार आहेत, त्यांत ती ठळक असते. 'प्रायमरी बिलियरी कोलँगायटिस' हा त्यांतला एक. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सूक्ष्म पित्तनलिकांवर उलटते आणि त्या हळूहळू नष्ट होतात. दहांतल्या नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि त्याही बहुधा चाळिशी ओलांडलेल्या. खाज आणि सततचा थकवा ही याची दोन मुख्य लक्षणे. 'पाळी जायची वेळ आली, त्याचेच हे सारे' म्हणून नेमकी हीच दोन लक्षणे घरात दुर्लक्षिली जातात. काही जणींच्या पापण्यांवर पिवळट चरबीचे ठिपकेही दिसतात.

दोन हजार वर्षांचे कोडे

पित्त रक्तात गेल्यावर खाज का सुटावी? हा प्रश्न फार जुना आहे. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास आरेटियस या ग्रीक वैद्याने तर्क केला होता, की पित्ताचे काटेरी कण कातडीत टोचतात. विसाव्या शतकापर्यंत थोड्या वेगळ्या शब्दांत हीच समजूत चालू होती: पित्ताम्ले कातडीत साठतात, म्हणून खाज सुटते.

पण हिशेब जुळत नव्हता. काही रुग्णांच्या रक्तात पित्ताम्ले भरपूर, तरी खाज नाही. काहींच्या रक्तात थोडीच, तरी झोप उडालेली. आजार किती गंभीर आहे यावरही खाज अवलंबून नव्हती. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत जीव नकोसा करणारी खाज आणि यकृत निकामी होत आल्यावर ती उलट कमी झालेली, असेही काही रुग्णांत दिसे. म्हणजे खाज थांबली म्हणून आजार बरा झाला, असे मानण्याचीही सोय नाही!

हिस्टामिनवर संशय घ्यावा, तर अॅलर्जीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. त्या घेऊन थोडी गुंगी येते, झोप लागते, एवढेच.

मग १९८० आणि १९९० च्या दशकांत नजर मेंदूकडे वळली. आपले शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते. वेदना कमी करणे हे त्यांचे काम. पण अफूवर्गातल्या औषधांनी खाज सुटते, हेही डॉक्टरांना ठाऊक होते. पित्त तुंबलेल्या रुग्णांच्या रक्तात अशी द्रव्ये वाढलेली आढळली. त्यांना अडवणारी औषधे दिल्यावर काहींची खाज कमी झाली. इतकेच नव्हे, तर काही रुग्णांना व्यसन सुटताना होतो तसा त्रास झाला. जन्मात अफूला हात न लावलेल्या माणसांना! खाजेचा एक धागा मज्जारज्जू आणि मेंदूपर्यंत जातो, हे त्यातून दिसले.

पुढचा मोठा दुवा २०१० साली नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमच्या संशोधकांना सापडला. रुग्णांच्या रक्तातला कोणता घटक खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतो, हे त्यांनी शोधले. हाती लागला 'लायसोफॉस्फेटिडिक अॅसिड' नावाचा स्निग्ध पदार्थ आणि तो तयार करणारे 'ऑटोटॅक्सिन' हे विकर, म्हणजे एन्झाइम. पित्ताम्लांचा आकडा खाजेशी जुळत नव्हता. ऑटोटॅक्सिनचा मात्र जुळला. खाज जास्त तिथे ते जास्त आणि उपचाराने खाज कमी झाली की तेही कमी.

तरी पित्ताम्ले निर्दोष सुटली असे नाही. २०१९ साली चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की माणसाच्या खाजेच्या मज्जातंतूंवर एक खास कुलूप असते आणि पित्ताम्लांची किल्ली त्याला लागते. हे कुलूप उघडले, की 'खाज' असा संदेश मेंदूकडे धावतो. काविळीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो, ते बिलिरुबिनही हे कुलूप उघडू शकते. उंदरांत हे कुलूप अगदी असेच नसते. उंदरांवरच्या प्रयोगांतून माणसाच्या खाजेचा उलगडा व्हायला एवढा वेळ का लागला, याचे एक कारण यात आहे.

थोडक्यात, आरोपी एकटा नाही, ती टोळी आहे. पित्ताम्ले, बिलिरुबिन, स्निग्ध पदार्थ, शरीरातली अफूसदृश द्रव्ये आणि स्त्रियांच्या बाबतीत हार्मोन्स अशा सगळ्यांचा त्यात कमी-अधिक हात असतो. कुणात एकाचा वाटा मोठा, कुणात दुसऱ्याचा. म्हणूनच एका रुग्णाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. एक मात्र नक्की: संदेश कातडीतल्या तारांतून जात असला तरी ठिणगी यकृतात पडलेली असते. वरून लावलेले मलम तिथवर पोहोचत नाही.

गर्भारपणातली खाज

स्त्री-वाचकांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. गर्भारपणात पोटाची कातडी ताणली जाते, तिथे थोडी खाज सुटणे स्वाभाविक आहे. पण शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजू लागले, रात्री झोप येईनाशी झाली, तर 'बाळाला जावळ भरपूर असणार' म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

गर्भारपणातल्या हार्मोन्समुळे काही स्त्रियांच्या यकृतातला पित्तप्रवाह मंदावतो. आईला बहुधा कायमचा अपाय होत नाही. बाळंतपणानंतर काही दिवसांत खाज आपोआप जाते. धोका असतो तो बाळाला. त्याची वेळेआधी प्रसूती होऊ शकते आणि क्वचित ते पोटातच दगावू शकते. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून अभ्यास प्रसिद्ध झाला. आईच्या रक्तातली पित्ताम्ले लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक असतील, तर मूल पोटात दगावण्याचे प्रमाण ३.४४ टक्के आढळले. ती ४० पेक्षा कमी असतील, तर ते जेमतेम ०.१३ टक्के होते. म्हणजे बहुतेक जणींनी घाबरण्याचे कारण नाही. पण आपला आकडा कोणत्या गटात आहे, हे कळलेच पाहिजे. आकडा मोठा असेल तर डॉक्टर प्रसूती थोडी अलीकडे आणतात. एक साधी रक्ततपासणी इथे बाळाचा जीव वाचवू शकते.

हा त्रास एका बाळंतपणात झाला, तर पुढच्याही खेपेला होण्याची शक्यता बरीच असते. आई किंवा बहिणीला झाला असेल, तरी सावध राहावे. संततिनियमनाच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी.

तान्ह्याला सांगता येत नाही

सर्वांत केविलवाणी अवस्था लहान मुलांची. काही मुले पित्तनलिका बंद असलेल्या स्थितीतच जन्माला येतात, तर काहींच्या यकृतात पित्त बाहेर टाकणारी यंत्रणा आनुवंशिक दोषामुळे अपुरी असते. पहिल्या काही महिन्यांत बाळाला नीट खाजवताही येत नाही. ते नुसते किरकिर करते, झोपत नाही, डोके गादीवर घासते. पाच-सहा महिन्यांनी हात वळू लागले, की कान आणि डोळे चोळून चोळून रक्त काढते. घरचे दृष्ट काढतात. दोष असतो यकृताचा.

जन्मानंतर चौदा दिवस उलटूनही बाळाची कावीळ हटली नाही, शी पांढुरकी किंवा चुन्यासारखी होत असेल, लंगोटाला पिवळे डाग पडत असतील, तर एक दिवसही न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बंद पित्तनलिकांसाठी जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली, तर यशाची शक्यता सर्वांत जास्त. 'कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल' या सल्ल्यात हेच दोन महिने निघून जातात.

अशा मुलांना आता आशा नाही असे मानण्याचा काळ मागे पडला आहे. चेन्नईजवळच्या कांचीपुरममधल्या अशाच एका बालकाला, त्याला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यासाठी त्याला दिल्लीला न्यावे लागले होते. भारतातले लहान मुलाचे ते पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला! पुढे प्रत्यारोपणासाठी दिल्ली गाठण्याची गरज उरली नाही. चेन्नई हेच देशातल्या यकृत प्रत्यारोपणाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक झाले. तिथल्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते.

पायरी पायरीने उपचार

पहिली पायरी अर्थातच अडथळा शोधण्याची. खडा असेल तर तो काढला, की खाज जाते. आतल्या सूक्ष्म नलिकांचा आजार असेल, तर त्यावर औषध देतात आणि खाजेवर वेगळे उपचार करतात.

'कोलेस्टिरॅमिन' ही पाण्यात कालवून घ्यायची पूड आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. चव बरी नसते आणि ती बाकीची औषधेही धरून ठेवते. म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचे अंतर ठेवावे लागते. तिचा उपयोग झाला नाही, तर 'रिफाम्पिसिन'चा विचार होतो.

हे नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण हे क्षयाचे औषध. आणि क्षयाच्या औषधोपचारांत चेन्नईचे नाव जगात मोठे आहे. १९५६ साली तत्कालीन मद्रासमध्ये क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले. रुग्णाला सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरी औषधे देऊनही क्षय तितकाच बरा होतो, हे त्याने सिद्ध केले. याच केंद्राच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात आणखी एक नोंद केली होती: रिफाम्पिसिनचा समावेश असलेल्या उपचारांत काही रुग्णांना कावीळ होते. म्हणजे जे औषध यकृताला त्रास देऊ शकते, तेच यकृताच्या खाजेवर गुण देते! ते ऑटोटॅक्सिनची निर्मिती कमी करते, असे आता दिसून आले आहे. म्हणूनच ते दुकानातून आणून परस्पर घेण्याचे औषध मुळीच नाही. वरचेवर रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यायचे असते. त्याने लघवी आणि अश्रू केशरी होतात, त्याला घाबरू नये.

त्यापुढच्या पायरीवर अफूसदृश द्रव्यांना अडवणारे नाल्ट्रेक्सोन आणि नैराश्यावर दिले जाणारे सर्ट्रालिन ही औषधे आहेत. रक्तातली चरबी कमी करणारे बेझाफायब्रेटही उपयोगी ठरले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते घेणाऱ्या १०० पैकी ४५ रुग्णांची खाज निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ होते. त्याच वर्षी मुलांच्या आनुवंशिक पित्तविकारांसाठी अमेरिकेत ओडेव्हिक्सिबॅट आणि मॅरालिक्सिबॅट या दोन नव्या औषधांना मान्यता मिळाली. पित्ताम्लांची आतड्यातून यकृताकडे जाणारी परतीची वाटच ती अडवतात.

एवढे करूनही खाज हटली नाही तर? रात्रीमागून रात्री जागून काढणाऱ्या रुग्णाला अशा वेळी जगणे नकोसे होते. अशा अवस्थेत यकृताचे बाकी काम बरे चालले असले, तरी निव्वळ खाजेसाठी प्रत्यारोपण करावे लागू शकते. खाजेला क्षुल्लक समजणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवावी.

पण प्रत्यारोपण व्हायचे तर यकृत देणारे हवे. सप्टेंबर २००८ मध्ये चेन्नईजवळ अपघातात मेंदू मृत झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव त्याच्या आई-वडिलांनी दान केले. ते दोघेही डॉक्टर होते. या घटनेने सारे तमिळनाडू हेलावले आणि तिथल्या अवयवदानाच्या चळवळीला वेग आला. महाराष्ट्रातल्या कुटुंबांनीही हा विषय घरात मोकळेपणाने बोलायला हवा.

भुईआवळीचा भरवसा किती?

कावीळ म्हटली, की तमिळ घरात 'कीळानेल्ली'चे नाव निघते. ही म्हणजे आपली भुईआवळी. ती नुसती आजीबाईच्या बटव्यात राहिली नाही, तर प्रयोगशाळेतही पोहोचली. मद्रासचे डॉ. एस. पी. त्यागराजन आणि हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांच्या गटाने १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीस दिवस भुईआवळी दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातली या विषाणूची खूण नाहीशी झाली होती. जगभर खळबळ उडाली. परंतु नंतर इतर ठिकाणी झालेल्या चाचण्यांत असे यश हाती आले नाही.

शिवाय तो अभ्यास एका विषाणूपुरता होता, तुंबलेल्या पित्तापुरता नव्हे. नलिकेत खडा अडकला असेल, तर कोणताही पाला तो काढू शकत नाही. कावीळ उतरवणारे, डोळ्यांत रस घालणारे किंवा हातावर डाग देणारे यांच्याकडे गेलेला प्रत्येक आठवडा यकृताला महागात पडतो. काही झाडपाल्याची औषधे तर यकृतालाच इजा करतात. काही घेत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

काय करावे, काय टाळावे

पुरळ नसलेली खाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे. यकृताच्या तपासणीत केवळ बिलिरुबिन पाहून थांबू नये. 'अल्कलाइन फॉस्फेटेज'चा आकडाही पाहावा. पित्त तुंबले, की बहुधा तो आधी वाढतो. गर्भवतींच्या बाबतीत मात्र तो आकडा तसाही वाढलेला असतो. त्यांनी पित्ताम्लांची तपासणी करून घ्यावी आणि त्यासाठी आठवडे नव्हे, दोन दिवसही थांबू नये. गरजेप्रमाणे डॉक्टर सोनोग्राफी सांगतील. अंगभर खाज मूत्रपिंडाचे आजार, थायरॉइड, लोहाची कमतरता आणि रक्ताचे काही विकार यांतही सुटते. त्यामुळे तपासण्या झाल्याखेरीज स्वतःच निदान ठरवू नये.

उपचार चालू असताना घरच्या घरी बरेच करता येते. कोमट किंवा गार पाण्याने आंघोळ करावी, कढत पाणी टाळावे. अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे. कातडी कोरडी असली की खाज वाढते. सुती, सैल कपडे वापरावेत. नखे बारीक कापावीत. अगदीच राहवले नाही, तर खाजवण्याऐवजी ओल्या गार फडक्याने ती जागा दाबून धरावी. लहान मुलांना रात्री सुती हातमोजे घालावेत. मद्य पूर्ण वर्ज्य करावे. तपासणीला जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. काही औषधांमुळेही पित्त तुंबते.

आणि घरच्यांनी करायची गोष्ट आणखी सोपी आहे. 'खाजवू नकोस, वाईट दिसते' असे म्हणण्याऐवजी 'कधीपासून खाजते आहे?' एवढे विचारावे. यकृत सहसा दुखत नाही. ते मुकाट्याने सोसत राहते आणि सांगायची वेळ आली, की कधी कधी तळहाताच्या खाजेतून सांगते. ते ऐकून दवाखान्याची पायरी लवकर चढली, तर पुढचे पुष्कळ टळते.